बोरिवलीत काय वाईट आहे?

मुंबईत घर बघायचं म्हटलं की सल्ल्याला तोटा नसतो. फक्त एक आहे, सल्ला देणारा प्रत्येक जण स्वतः राहतो तेच उपनगर सुचवतो. घाटकोपरकर म्हणतो घाटकोपर, मुलुंडकर म्हणतो मुलुंड. मालाडच्या माणसाने कुणाला 'तुम्ही आपले भांडुपला बघा' म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि म्हणेल तरी कसा? वीस वर्षं हप्ते फेडल्यावर दुसऱ्याच्या स्टेशनचं कौतुक करायचं म्हणजे त्या वीस वर्षांचा हिशेब पुन्हा मांडायचा. त्यापेक्षा 'आमच्याकडे हवा किती छान' म्हणावं, चहा करावा.

मी बोरिवलीची. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

माझा भाचा नाशिकहून बायको-मुलीसह मुंबईत यायचा ठरला. त्याचं ऑफिस अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये, भाचेसुनेचं ऐरोलीला आणि मुलगी चार वर्षांची. "आत्या, कुठे बघू गं घर?" असं त्याने विचारलं खरं, पण उत्तराची वाट न बघता लॅपटॉप उघडला. त्यात त्याने तक्ता केला होता. भाडं, अंतर, शाळा, दवाखाना, बाग, पाणी अशी सदरं, आणि प्रत्येक उपनगराला दहापैकी गुण. तक्ता चांगला होता. त्यात फक्त दादर नव्हतं.

नाशिकचा माणूस अंतर किलोमीटरमध्ये मोजतो, यात त्याची काही चूक नाही. गंगापूर रोडवरून इंदिरानगरला जायचं तर स्कूटर काढली की झालं. इथे मोजायचं ते गाडी किती वेळा बदलायची, आणि बदलताना पूल किती चढायचे. नकाशात बघा, बोरिवली आणि मुलुंड रुसलेल्या जावांसारख्या पाठीला पाठ लावून बसल्या आहेत. मधे फक्त संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल. दोघीही १९५७ साली एकदमच मुंबई महापालिकेच्या हद्दीत आल्या. पण लोकलने एकीकडून दुसरीकडे जायचं तर आधी दादरपर्यंत खाली यायचं, पूल चढायचा, पश्चिम रेल्वे सोडून मध्य रेल्वे धरायची आणि तेवढंच अंतर पुन्हा वर जायचं. बिबट्याला दादरला उतरावं लागत नाही, एवढाच काय तो त्याचा फायदा. आता त्याच जंगलाखालून दोन बोगद्यांचं काम चाललंय, एक गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा आणि दुसरा ठाणे-बोरिवलीचा. "ते होईतो ही शाळेत जायला लागेल," भाचा मुलीकडे बघून म्हणाला. मी म्हटलं, कॉलेजात म्हण.

त्याच्या तक्त्यात पहिली आली होती अंधेरी. ऑफिस जवळ, मेट्रो हाताशी. पण अंधेरी म्हणजे काही पत्ता नव्हे. मरोळही अंधेरी, चार बंगलाही अंधेरी, आणि संध्याकाळी सात वाजता एकीकडून दुसरीकडे रिक्षा मिळवणं हा ज्याच्या त्याच्या पुण्याईचा प्रश्न. खरी फाळणी पूर्व आणि पश्चिम. घर ईस्टला नि शाळा वेस्टला असेल तर आईबापांचा अर्धा जन्म पुलावर जातो, आणि तोही पूल असला तर. रुळांवरचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची नवी एक बाजू थाटात उघडली, तेव्हा लक्षात आलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाला तो मिळतच नाही. दोघांत जवळपास पुरुषभर उंचीचा फरक. मग बर्फीवाला पुलाला जॅक लावून उचललं आणि जोडलं. नव्या पुलाची दुसरी बाजू मे २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे पूल बंद झाला तेव्हा जे पोर बालवाडीत होतं, ते तोवर पहिली-दुसरीत गेलं. हे ऐकून भाच्याने अंधेरीचे दोन गुण कापले.

घाटकोपरची बाजू भक्कम होती. ८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि वर्सोव्यापर्यंतच्या बारा स्टेशनांनी घाटकोपरचं नशीबच पालटलं. मरोळ नाका तिथून अगदी जवळ. अर्थात ठाणे-कल्याणकडून येणारं सगळं जग सकाळी तिथेच उतरतं, आणि लोकलच्या दारापासून मेट्रोच्या दारापर्यंत लागणारा वेळ कुठल्याच जाहिरातीत नसतो. असल्फ्याच्या बाजूला एक वन बीएचके बघायला आम्ही गेलो. "स्टेशन से पाच मिनिट, मॅडम, एकदम वॉकेबल," एजंट म्हणाला. एजंटांची पाच मिनिटं मला पाठ आहेत. ती पहाटे पाचला, रिक्षाने, सगळे सिग्नल हिरवे असताना मोजलेली असतात. घर स्वच्छ होतं, नळाला पाणी होतं, खिडकीतून टेकडी दिसत होती. तेवढ्यात घरभर आवाज भरला आणि विमानाचं पोट इतक्या खालून गेलं की त्याची चाकं मोजता आली. माझी नात दोन्ही कानांवर हात ठेवून आनंदाने ओरडली, "अजून एक!" ते लगेच आलं. "व्ह्यू ओपन आहे," एजंट आवाज चढवून म्हणाला.

तरीही ते ठरत आलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागद बघितले, नोकऱ्या विचारल्या, मग चष्मा काढून हळूच, "तुम्ही लोक खाता-बिता का?" भाचेसून मालवणची. तिने अतिशय नम्रपणे विचारलं, "खिडक्या लावून तळलं तर चालेल?" सेक्रेटरी हसले. आम्हीही हसलो. जिना उतरताना मात्र कुणीच हसलं नाही. अशा अटी कुठल्याही नियमावलीत लिहिलेल्या नसतात. त्या चष्मा काढूनच सांगायच्या असतात.

मग मी माझं घोडं पुढे दामटलं. बोरिवलीत काय वाईट आहे? नॅशनल पार्क आहे, कान्हेरीची लेणी आहेत, प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. गोराईच्या कोळणींचे बोंबील आहेत. बोरिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्या आहेत, म्हणजे चर्चगेटपर्यंत बसून जाता येतं. विरार फास्टमध्ये शिरायची काही गरज नाही (विरारकरांनाही ते नकोच असतं). मंडळींनी बोंबील खाल्ले, मान डोलावली आणि मग भाचेसून म्हणाली, "आत्या, पण इथून ऐरोली?" तिचं बरोबर होतं. मी विषय बदलून सोलकढी वाढली.

घर शेवटी ठरलं मुलुंड पूर्वेला, आणि त्यात त्या तक्त्याचा काडीचाही हात नाही.

झालं असं की तिथे एक फ्लॅट बघायला गेल्यावर लिफ्ट बंद म्हणून आम्ही तळमजल्यावर खोळंबलो होतो. शेजारच्या दाराबाहेर लहानलहान चपलांची रांग, आत पितळी डब्यातून कुणीतरी भात वाढतंय. पाळणाघर होतं. भाचेसुनेने डोकावून वेळा विचारल्या, मुलं किती, सीसीटीव्ही आहे का, डॉक्टर जवळ आहे का, आजारी पडली तर काय. काकू एका पोराचं नाक पुसत उत्तरं देत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं, "तुमची वरणभात खाते ना?"

"खाते. पण काकू, पावसात गाड्या बंद पडल्या आणि आम्ही दोघंही अडकलो तर?"

"तर इथेच जेवेल नि इथेच झोपेल. सव्वीस जुलैला चार पोरं माझ्याकडेच होती रात्रभर. एकाचे आईवडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आले."

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या रात्रीचं नाव काढलं की मुंबईचा माणूस आपण कुठे अडकलो होतो ते सांगायला लागतो. या बाई मात्र कोण आपल्याकडे अडकलं होतं ते सांगत होत्या. भाचेसुनेने नवऱ्याकडे बघितलं आणि लॅपटॉपची बॅग त्याने गपचूप खांद्यावर घेतली.

वरचा फ्लॅट आम्ही बघितलाच नाही. उलट काकूंच्या दारापासून चालत किती लांब चालेल ते आधी ठरवलं आणि तेवढ्याच गल्ल्यांत घर शोधलं. मला विचाराल तर लहान मूल असलेल्यांनी हाच क्रम धरावा: आधी पाळणाघर, मग शाळा, घर सगळ्यात शेवटी. मिळालेलं घर काही खास नव्हतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्वयंपाकघरात दोघं उभे राहिले तर एकाने श्वास सोडावा. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, पोलीस व्हेरिफिकेशन. पण भाचेसून खाडीपुलावरून ऐरोलीला थेट बसने जाते आणि भाचा लोकलने घाटकोपर गाठून मेट्रो धरतो. घाटकोपरच्या गर्दीबद्दल आता तो तक्रार करत नाही. 'दोन मिनिटांत बाहेर पडतो आपण,' म्हणतो. आपण!

मुलुंडकर व्हायला मुळीच वेळ लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. "म्हणजे ठाण्यातच ना?" असं मी फोनवर सहज म्हटलं, तर भाचा दुखावला. "आत्या, पिन ४०००८१ आहे. ठाणे टोलनाक्याच्या पलीकडे." नाक्याच्या पलीकडे हरिओम नगर आहे आणि तेही मुंबईतच आहे, हेही त्यानेच सांगितलं, तिथल्या लोकांना स्वतःच्याच शहरात शिरायला टोल भरावा लागायचा, तो छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. ही सगळी माहिती त्याने अशा अभिमानाने दिली की जणू तो टोल त्यानेच रद्द करवला. कालिदास नाट्यगृहातल्या नाटकाची तिकिटं काढायचा आग्रह झाला. झाडांचा विषय निघाला. हवेचा निघाला.

परवा भाचेसुनेचा फोन आला. नाशिकची तिची कुणी मैत्रीण मुंबईत येतेय, तिला हिने मुलुंडच सांगितलं म्हणे. मग म्हणाली, "आत्या, तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय ना? बिल्डर भाडं देणारच आहे. तीन वर्षं इकडेच घ्या की. हिलाही आजी मिळेल."

मी म्हटलं, "अगं, मला इथे बोरिवलीत सगळं हाताशी लागतं."

"इथेही आहे सगळं. मासळीबाजार पण आहे. तुम्ही नुसतं बघून तर जा. स्टेशनपासून पाच मिनिटं."