पालकसभेत कसं बसावं: डिंभे परिसरातल्या नव्या पालकांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन. तुमचं मूल पहिलीत गेलं, म्हणजे पालक म्हणून तुम्हीही पहिलीत गेलात. मुलाला पुस्तकं मिळाली. तुम्हाला काहीच मिळालं नाही, म्हणून ही मार्गदर्शिका. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना घोडनदीवरच्या डिंभे धरणाच्या अलीकडे-पलीकडे जिथे जिथे जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे ती लागू पडेल. जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या पालकांनीही ती खुशाल वापरावी. घोडनदीच्या जागी कुकडी म्हटलं की झालं.

निरोप

सभेचा निरोप दोन वाटांनी येतो. रेंज असली तर व्हॉट्सअ‍ॅपवर, नसली तर मुलाच्या तोंडून. मूल सांगतं, "बाईंनी उद्या बोलवलंय." कशाला, ते सांगत नाही. वेळ अकराची. अकराला नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतात तुमची अर्धी पाटी झालेली असते, नाहीतर बाळहिरडा वेचायला तुम्ही डोंगरात असता, नाहीतर भातलावणीत गुडघाभर चिखलात. सरकारी शाळेला फी नसते हे खरं. पण सभेची फी असते, एक दिवसाची मजुरी. ती भरून जो येतो त्याला शेवटी सांगितलं जातं की पालकांमध्ये जागरूकता कमी आहे. हे ऐकताना मागे वळून पाहू नये. जे आले नाहीत त्यांच्यासाठीचं बोलणं, आलेल्यांनीच ऐकायचं असतं.

जागा

खोलीत एक सतरंजी आणि चार-पाच खुर्च्या असतात. तुमची जागा सतरंजीवर. खुर्च्या सरपंच, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि ऐनवेळी येऊन टेकणाऱ्या एखाद्या पुढाऱ्यासाठी.

इथे नवशिक्यांचा गोंधळ उडतो, कारण कायदा काही वेगळंच सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. महाराष्ट्रात अध्यक्षही पालकांमधूनच निवडतात आणि मुख्याध्यापक असतात सचिव. म्हणजे कागदावर सभा तुमची आणि खुर्च्यांवरचे लोक पाहुणे. अध्यक्ष असलेली बाई सतरंजीवर आणि तिचे यजमान खुर्चीवर अशी मांडणी दिसली, तर दचकू नका. तीही रुळलेली पद्धत आहे.

यशोगाथा

सभेचा पहिला अर्धा भाग यशाचा. यश नेहमी लांबून सुरू होतं आणि हळूहळू जवळ येतं. पण आपल्या शाळेपर्यंत पोचेस्तोवर चहा येतो.

आधी जिल्हा. २०२५ साली पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेतल्या आणि सहावी-सातवीतली मुलं निवडली. कुणाला इस्रो पाहायला धाडायचं, पंचवीस जणांना थेट नासा. टाळ्या वाजवा. मनापासून वाजवा, कारण ज्या पोराने पुणं धड पाहिलेलं नाही त्याला अमेरिका दाखवणं ही लहान गोष्ट नाही. "आपल्यातलं कोण गेलं?" हा प्रश्न मात्र घरी जाऊन विचारावा.

मग शेजारचा खेड तालुका. तिथली जालिंदरनगरची शाळा. २०२५मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत तिला लोकमताचा पुरस्कार मिळाला. पट तीन मुलांवर आला होता. पुढे तो शंभराच्या वर गेला. इथे मी मार्गदर्शकाची टोपी काढून ठेवतो, कारण ही टाळी उधार नाही. पुस्तकं तीच, जिल्हा परिषद तीच, खिचडीही तीच. पण गावाने शाळा आपली मानली आणि पोरं परत आली. सभेत ही गोष्ट सांगताना शिक्षकाचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. गावाने काय केलं हा भाग वेळेअभावी गाळला जातो.

त्यानंतर आपली शाळा. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या स्पर्धेसाठी भिंती रंगवल्या. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. २०२४च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांचं पत्र हातात धरून मुलांचे आणि पालकांचे फोटो काढून ऑनलाइन चढवले. रेंज मिळावी म्हणून कोण कुठल्या टेकाडावर गेलं होतं, ही खरी शौर्यकथा, पण ती अहवालात नसते. शिष्यवृत्तीला किती मुलं बसली ते सांगतात. (ती परीक्षा पाचवी-आठवीला होती, आता पुन्हा चौथी-सातवीला आली, म्हणजे तुमच्या वेळी होती तिथेच.) नवोदयला किती बसली, तेही सांगतात. उतरली किती, ते घाईत.

न सांगितलेली यशं तुम्ही स्वतः मोजायला शिका. कातकरी वस्तीवरची एखादी मुलगी अख्खा पावसाळा शाळेत आली. घरी कोळी-ठाकरांची बोली बोलणारं पोर दिवाळीपर्यंत पुस्तकातली मराठी वाचू लागलं. चार इयत्ता एका खोलीत बसवून एका बाईंनी चारही शिकवल्या. याला प्रमाणपत्र नाही, म्हणून फलकावर जागा नाही.

अडचणी

आता सावरून बसा. यश शाळेचं असतं, अडचणी पालकांच्या असतात. बोलण्याचा सूर इथे बदलतो आणि 'आम्ही'च्या जागी 'तुम्ही' येतं.

पहिली अडचण पट. २०२३ साली राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या साधारण पंधरा हजार शाळा होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा अशाच डोंगरात. मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठे किती शिक्षक ते ठरवणाऱ्या, निर्णयानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत वीस मुलं भरली नाहीत तर तिथे शिक्षकाचं पदच मिळत नाही. त्याआधी सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आयुक्तांचं पत्र निघालं होतं, कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याबद्दल. नमुना म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं पानशेत दाखवलं होतं. शहाण्या पालकाने हे ऐकून मान डोलवायची असते. मुलं कमी का झाली हे विचारायचं नसतं, कारण उत्तर त्याच खोलीत बसलेलं असतं: कुणाचं मूल आश्रमशाळेत, कुणाचं नामांकित निवासी शाळेत, कुणाचं मंचरच्या इंग्रजी माध्यमात. खुर्चीवरच्यांची मुलं कुठे शिकतात, हे तर मुळीच विचारायचं नसतं.

आता अंतर. नियमाने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीनच्या. मैदानी गावात हे टेपने मोजता येतं. आपल्याकडे मध्ये हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. हा जलाशय झाला तेव्हा चोवीस गावांना पाण्याची झळ लागली. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते गावच बुडालं आणि कचेऱ्या घोडेगावात राहिल्या. अशा तालुक्यात समोरच्या काठावरची शाळा नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते. मे महिन्यात पाणी हटलं की पायी जाता येतं. ऑगस्टमध्ये त्याच शाळेला जायला अख्ख्या फुगवट्याला वळसा. म्हणून समूहशाळेचा विषय निघाला की नम्रपणे एवढंच विचारावं: साहेब, अंतर मोजलं ते कुठल्या महिन्यात?

हा प्रश्न या मार्गदर्शिकेत चुकून आला. विचारलात तर जबाबदारी तुमची.

दुसरी अडचण बिबट्या. खरं तर तो तालुक्याच्या पूर्वेचा, उसातला रहिवासी. धरणात गाव कुणाचं गेलं, पश्चिमेचं. कालव्याने पाणी कुठे गेलं, पूर्वेला. त्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या, आणि आज त्या बिबट्यामुळे शाळेची घंटा कधी व्हावी ते ठरतं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात माणसं गेली, लेकरं गेली. मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. आणि जुन्नर वनविभागाच्या टापूत शाळांच्या वेळा बदलल्या. माणिकडोहचं निवारा केंद्र पकडलेल्या बिबट्यांनी भरलेलं. सभेत यावर सूचना मिळते: मुलांना एकटं पाठवू नये, घोळक्याने पाठवावं. सूचना योग्यच आहे. ज्या वाडीतून शाळेत एकच मूल येतं त्या वाडीने घोळका कुठून आणावा, तेवढं सूचनेत लिहायचं राहून गेलेलं असतं.

तिसरी अडचण खिचडीबरोबरचं अंडं. नोव्हेंबर २०२३मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं, तेव्हा ते यशोगाथेत होतं. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबला आणि लोकसहभागातून द्यावं असं ठरलं, तेव्हा ते अडचणींत आलं. अंडं तेच. लोकसहभाग म्हणजे तुम्ही. गणवेशाचंही तसंच: २०२४मध्ये सगळ्या राज्याला एकच कापड आणि शिलाई वरून आली, कुणाला बाह्या लांब, कुणाला पँट आखूड, कुणाला दिवाळीपर्यंत काहीच नाही. डिसेंबरात निर्णय मागे घेऊन काम पुन्हा समितीकडे दिलं. समिती म्हणजे पुन्हा तुम्ही.

चौथी अडचण सरांची स्वतःची असते; ती सहसा सभेनंतर, हळू आवाजात कळते. १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागणार आहे, दोन वर्षांत. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाला परीक्षेची धास्ती. त्यात मतदारयाद्या, रोजची ऑनलाइन माहिती, अवघड क्षेत्रातली तीन वर्षं भरली की बदलीचा अर्ज. इथे चिडू नका. या खोलीत तुमच्याइतकाच थकलेला माणूस बहुधा तोच असतो.

पावसाचा विषय निघाला तर मात्र थट्टा बाजूला ठेवावी. ३० जुलै २०१४च्या सकाळी माळीणवर डोंगर आला आणि दीडशेवर माणसं गेली. शाळेची इमारत मात्र शाबूत राहिली. नवं माळीण २०१७मध्ये आमडे इथे वसलं, त्यात नवी शाळाही. तेव्हापासून या भागात भिंतीला तडा गेल्याचं, मागचा उतार खचल्याचं कुणी आई सभेत बोलली तर तिला "नंतर बघू" म्हणू देऊ नका. तिचं वाक्य इतिवृत्तात लिहायला लावा, तिच्याच शब्दांत.

विचारायचे आणि न विचारायचे प्रश्न

चालणारे प्रश्न: बूट कधी येणार? सहल कुठे? दाखल्यावर आडनाव चुकलंय, दुरुस्ती कधी?

न चालणारे: तिसरीत मुलं किती आणि त्यांतली किती न अडखळता वाचतात? यंदा शाळेला अनुदान किती आलं, कशावर गेलं? शाळा विकास आराखडा कुठे आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत वाईट. कायद्याच्या २२व्या कलमाप्रमाणे तो आराखडा समितीने, म्हणजे तुम्हीच, तयार करायचा असतो, त्यामुळे विचारणारा स्वतःच अडकतो. नवशिक्यांनी वर्षभर चालणारेच प्रश्न विचारावेत. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी पहिला न चालणारा प्रश्न विचारून पाहावा आणि उत्तर तोंडी न घेता मुलांना पुस्तक देऊन समोर वाचायला सांगावं. पाच मिनिटं लागतात. एवढ्या वेळात चहाही होत नाही.

सही

सभा संपली की वही फिरते. अंगठा की सही, दोन्ही चालतं. सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचावं, असं शहाणे लोक सांगतात. वाचायला जाल तर बहुतेक वेळा वर पान कोरं असतं. ठराव नंतर सवडीने लिहितात. तारीख आणि "सर्वानुमते मंजूर" तेवढं आधी लिहिलेलं असतं. अशा वेळी पेन हातात आहे तोवर, उरलेल्या जागेत तुम्ही जे बोललात ते लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल. लिहिता येत नसेल तर तुमच्या पहिलीतल्याला नको, सातवीतल्या पोरीला बोलवा. ती व्हरांड्यातच उभी असते.