धक्के कुणी खायचे?

चाळिशी उलटलेल्या पुणेकराला ट्रेक, मॅरेथॉन किंवा सायकल यांतलं एक काहीतरी लागतंच. ट्रेकला माझ्या गुडघ्यांनी आधीच नकार कळवलेला, मॅरेथॉनसाठी अंधारात उठावं लागतं, म्हणून माझ्या वाट्याला सायकल आली. सायकल घेणं म्हणजे दुकानात जाऊन काळी की लाल एवढं सांगायचं आणि चालवत घरी यायचं, अशी माझी समजूत. मेहुण्याने ती फोनवरच मोडीत काढली. "दाजी, रंगाचं नंतर बघू. फुल सस्पेन्शन का ग्रॅव्हल, ते बोला."

मेहुणा आयटीत आहे. कुठल्याही प्रश्नाची तो एक्सेल शीट करतो. स्वतः सायकल मात्र अजून घ्यायचाच आहे.

ज्यांना असा मेहुणा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुल सस्पेन्शन माउंटन बाइकला पुढच्या काट्यात शॉक आणि मागच्या चाकासाठी सांगाड्याच्या पोटात आणखी एक. चाक १२० ते १६० मिलिमीटर वरखाली होतं, टायर अडीच इंचाच्या घरातला, वजन १४-१५ किलो. ग्रॅव्हल बाइक म्हणजे रेसच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल, ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर, वजन नऊ-दहा किलो आणि शॉक बहुधा नाहीच. रस्ता खराब आहे, धक्के बसणार, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. मतभेद आहे तो ते कुणी खायचे एवढाच. पहिल्या सायकलीत ते यंत्र खातं, दुसरीत मालक.

माउंटन बाइकचा जन्म खरं तर भंगारात झालेला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली काही उनाड मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली जमवून कच्च्या डोंगरउतारांवरून स्वतःला खाली सोडून द्यायची. १९७६ पासून त्याच्या रीतसर शर्यती लागू लागल्या. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. शॉक वगैरे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी जे भंगारावर केलं, ते करायला आता लाखाच्या पुढे मोजायचे. ग्रॅव्हलवाल्यांची पंढरी कॅन्ससमधलं एम्पोरिया. तिथे २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत होते, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. खडी अशी धारदार की टायर फाटतात. आपल्याकडे ठेकेदार खडी पसरून गायब झाला की आपण नगरसेवकाला फोन करतो. तिकडे लोक पैसे भरून नाव नोंदवतात.

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी, मेहुणा आणि खर्चाचा आकडा ऐकायला आलेली बायको. दुकानदाराने आधी फुल सस्पेन्शन काढली. तिच्या शॉकमध्ये हवा असते आणि ती चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते.

"सर, वजन?"

मी "अठ्ठ्याहत्तर" म्हणालो. मागून बायको "शहाऐंशी" म्हणाली. त्याने एक अक्षर न बोलता तिचा आकडा धरला. पौंडांत जितकं वजन तितका पीएसआय दाब, हा त्याचा ढोबळ हिशेब. छोट्या पंपाचा काटा १९० वर गेल्यावर कुठे तो थांबला. मागच्या शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक रबरी रिंग असते. ती सीलला टेकवायची, सायकलवर अलगद बसायचं, अलगद उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. शॉकच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के खचला तर ठीक. मी बसलो. 'अलगद' म्हणजे काय यावर आमच्यात थोडी चर्चा झाली आणि दुकानदाराने पुन्हा पंप लावला.

मग मात्र सुख. फूटपाथवरून खाली आलो ते मला कळलंच नाही. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही हसताय."

नंतर ग्रॅव्हल. तिचं खालचं हँडल धरायला पुढे वाकावं लागतं, आणि माणूस व हँडल यांच्यामध्ये पोट असू शकतं हे सायकल आखणाऱ्याने धरलेलंच नव्हतं. "सवय होते सर," दुकानदार म्हणाला. कुणाला, पोटाला की मला, ते त्याने सांगितलं नाही.

आता माझा सिद्धान्त. माउंटन बाइक डोंगरात न्यावी असं वाटणं साहजिक आहे, पण पुण्यात सगळं उलटं. बोपदेव घाट, सिंहगडाचा घाट, पानशेतचा रस्ता, जिथे म्हणून आमच्यासारखे लोक रविवारी जातात तिथे डांबर आहे. दम निघतो, पण दोन-दोन शॉक लागावेत असं काही नसतं. खरा दीडशे मिलिमीटरचा रस्ता आमच्या सोसायटीच्या फाटकापासून भाजीवालीपर्यंत आहे. आधी रस्त्याच्या चार बोटं खाली असलेलं ड्रेनेजचं झाकण, पुढे चार बोटं वर असलेलं झाकण, मग केबलसाठी खणून बुजवल्यासारखा केलेला चर, आणि शेवटी कुणीतरी हौसेने घातलेला, रंग नसलेला स्पीडब्रेकर. तेव्हा मेथीची जुडी आणायला फुल सस्पेन्शन आणि सिंहगडावर जायला ग्रॅव्हल, असा न्याय व्हायला हवा.

बायकोने हा सिद्धान्त एका प्रश्नात निकालात काढला. "आणि तू मेथी निवडून घेत असताना सायकल कोण धरणार?"

चढावर फुल सस्पेन्शनचं आणखी एक दुखणं आहे. उभं राहून पायडल मारलं की सायकल पुढे जाण्याआधी वरखाली होते. त्यासाठी शॉक आवळून ठेवायची कळ असते. म्हणजे पैसे भरून शॉक घ्यायचा आणि घाटात तो बंद करायचा. तिच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल केलीच पाहिजे. तिला पुढे ३२ दात्यांची चकती आणि मागे ५१ दात्यांपर्यंतची, त्यामुळे सगळ्यात हलक्या गिअरला एका पायडलमध्ये सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. ग्रॅव्हलवर पुढे ४० आणि मागे ४२ असले तर तेच दोन मीटरच्या वर. सिंहगडाच्या वाटेवर गोळेवाडीच्या पुढे चढ अंगावर आला की हा अर्धा मीटर मांड्यांना नीट समजतो.

मग पावसाळा. मागच्या शॉकच्या सांध्यांमध्ये बेअरिंगं असतात, त्यांत चिखलपाणी शिरलं की ती कुरकुरायला लागतात. काही कंपन्या पुढच्या काट्याची किरकोळ सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगतात. माझ्या वेगाने ५० तास भरेपर्यंत मुलगी दहावी होईल, हा भाग वेगळा. ग्रॅव्हललाही पावसाची भीती आहेच. आपली काळी माती टायर आणि सांगाड्याच्या फटीत अशी बसते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. तेव्हा तिचं नऊ किलो वजन उपयोगी पडतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांचंही मत घेतलं. मोबाइलवरचा फोटो मोठा करून त्यांनी मागचा शॉक निरखला. "साहेब, हे बिघडलं की माझ्याकडे आणू नका." मग ग्रॅव्हलचा फोटो पाहून म्हणाले, "ही आणा."

मी ग्रॅव्हल घेतली, ४५ मिलिमीटरच्या टायरची. आणि माझा निकाल असा. तुमच्या वाटेवर पायऱ्यांसारखे दगड आणि पोटात गोळा आणणारे उतार असतील आणि ते तुम्ही दर आठवड्याला उतरणार असाल, तर फुल सस्पेन्शनला पर्याय नाही, खुशाल घ्या. बाकीच्यांनी ग्रॅव्हल घ्यावी, सांगाड्यात बसेल तेवढा रुंद ट्यूबलेस टायर घालावा आणि वजन बघून हवा ३०-४० पीएसआयच्या दरम्यान ठेवावी. निम्मे धक्के तिथेच जिरतात. दुकानासमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरच्या टेस्ट राइडवरून ठरवू नका. दोन्ही सायकली एकेक मजला जिन्याने उचलून चढवा आणि मग पैसे द्या. वजन विचारतील तेव्हा खरं सांगा.