लालपरी इंडोनेशियात, पासवर्ड यूट्यूबवर

अहो, ऐकलंत का? आमच्या भाच्याची एसटी इंडोनेशियात धावतेय. पासपोर्ट नाही, परमिट नाही, आणि महामंडळाला त्याचा पत्ताही नाही!

परवा दादाकडे गेले होते. चिरंजीव कोपऱ्यात मोबाइल आडवा धरून बसलेले. डोकावून बघते तर दुतर्फा माड, पुढे स्कूटरींचा घोळका, लांबवर मशिदीचा घुमट आणि त्या सगळ्यातून डौलात निघालेली आपली लाल एसटी. कपाळावर पाटी, 'स्वारगेट'. मी म्हटलं, "अरे, ही वाट चुकली की काय?" तर मान वर न करता म्हणतो, "आत्या, मॉड आहे गं तो." आवाज असा, की जणू मला दूध उतू जाणं म्हणजे काय हेच माहीत नाही.

तर मंडळी, मॉड म्हणजे कंपनीच्या गेममध्ये खेळणाऱ्यांनी आपल्या हाताने घुसडलेली चीज. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा तिकडच्या मलेओ कंपनीचा मोबाइल गेम. त्यात नुसता बसचा रंग बदलायचा असेल तर एका पीएनजी चित्रावर भागतं. त्याला लिव्हरी म्हणायचं. केरळच्या पोरांनी आपल्या टुरिस्ट बसांची सगळी झगमग त्यात नेली, मग आपली पोरं कशी मागे राहतील? लालपरी निघाली! एरवी खऱ्या एसटीत खिडकीच्या जागेवरून भांडणारी ही कार्टी. पडद्यावरच्या एसटीचा हॉर्न जरा वेगळा वाजला तर त्यांना रात्रभर झोप नाही.

इथवर ठीक. खरं लफडं पुढेच आहे. हा माल मिळतो कुठे?

मला वाटलं, गेममध्येच दुकान असेल. छे! आधी यूट्यूबवर व्हिडिओ बघायचा. व्हिडिओखाली लिंक. लिंक दाबली की भलतंच पान उघडतं. तिथे दहा सेकंद थांबा. मग 'मी रोबो नाही' म्हणून शपथेवर सांगा आणि चित्रांतले सिग्नल ओळखून दाखवा. मग डाउनलोडची तीन हिरवी बटणं. त्यातली दोन खोटी! एक दाबलं तर रमीची जाहिरात, दुसरं दाबलं तर 'तुमच्या फोनमध्ये 7 व्हायरस' म्हणून बोंब. हे सगळं ओलांडून फाइल हाती आली, तर तिला कुलूप. पासवर्ड कुठे? व्हिडिओच्या मधोमध, एका कोपऱ्यात, तीन सेकंद! म्हणजे पोरं व्हिडिओ पुढे ढकलणार नाहीत. प्रसादासाठी अख्ख्या पोथीला बसवावं तसलाच प्रकार. माझ्या फोनवर हा उद्योग झाला आणि तेव्हापासून मला रोज पहाटे कोणीतरी कर्ज देऊ करतंय.

बरं, हा गोंधळ फक्त आपल्या गरिबांकडेच, असं म्हणाल तर थांबा. मोठ्या घरची भानगड ऐका.

'स्कायरिम' नावाचा गेम आहे, बेथेस्डा कंपनीचा, 2011 सालचा. तलवारी, बर्फ, ड्रॅगन. लोकांनी त्याचे इतके मॉड केले, की एका महाभागाने ड्रॅगनच्या जागी चक्क लहान मुलांचं थॉमस रेल्वे इंजिन आकाशात उडवलं! हे सगळं फुकट. कोणी कोणाकडे पैसे मागितले नव्हते. मॉड ठेवायला दोन घरं होती. एक 'नेक्सस मॉड्स', एका इंग्रज पोराने 2001 साली आवड म्हणून सुरू केलेलं. दुसरं व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम वर्कशॉप', जिथे एक बटण दाबलं की मॉड आपोआप घरपोच.

आणि 23 एप्रिल 2015 रोजी या घरपोचवाल्यांनी जाहीर केलं, की आता मॉड विकत! पैसे कसे वाटायचे ते ऐका आणि बसून ऐका. व्हॉल्व्हला 30 टक्के, बेथेस्डाला 45, आणि रात्र रात्र जागून ज्याने मॉड केला त्याला 25. अहो, मार्केट यार्डातला अडत्यासुद्धा हे ऐकून कानाला हात लावेल! एकाने मासेमारीचा मॉड विकायला मांडला. तो दुसऱ्याच कोणाच्या फुकट दिलेल्या कामावर टेकलेला निघाला. मग काय, जी जुंपली म्हणता! लाखावर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. व्हॉल्व्हचे मालक गेब न्यूवेल स्वतः रेडिटवर येऊन लोकांच्या शिव्या झेलत बसले. 27 एप्रिलला दुकान बंद, सगळ्यांचे पैसे परत. चार दिवस! आमच्याकडे पाहुणे याहून जास्त टिकतात.

मग सगळे म्हणाले, त्यापेक्षा आपलं नेक्सस बरं. घरचं माणूस. तर 2021 मध्ये या घरच्या माणसाने सांगितलं, की इथून पुढे तुम्ही टाकलेली फाइल कायमची पुसायची नाही, आम्ही ती आतल्या फडताळात जपणार. कारण तसं खरं होतं. शंभर मॉडची मोळी बांधून कोणी दिली आणि त्यातली एक काडी कर्त्याने रागाने ओढून घेतली, की मोळी सुटते. पण कर्ते भडकले. सुमारे महिन्याची मुदत मिळाली होती, तेवढ्यात कित्येकांनी आपापली भांडीकुंडी उचलली.

याहून कमाल ब्लिझर्ड नावाच्या गेम कंपनीची. त्यांच्या 'वॉरक्राफ्ट 3' मध्ये खेळाडूंनी 'डोटा' नावाचा नकाशा केला आणि त्यावरून व्हॉल्व्हने 2013 मध्ये 'डोटा 2' काढून बक्कळ कमावलं. ही जखम इतकी खोल, की 2020 मध्ये वॉरक्राफ्टची नवी आवृत्ती आली तेव्हा नियमातच लिहिलं: आमच्या गेमात तुम्ही जे कराल ते आमचं. भाड्याच्या खोलीत लेकीने रांगोळी काढली म्हणून घरमालकाने रांगोळीवर हक्क सांगावा, तसं.

शहरं वसवायचा 'सिटीज स्कायलाइन्स' आहे ना, त्याच्या दुसऱ्या भागात पॅराडॉक्स कंपनीने 2023 मध्ये वर्कशॉपशी काडीमोड घेऊन मॉड स्वतःच्याच भांडारात ठेवायचं ठरवलं. व्हॉल्व्हच्या 'स्टीम' दुकानाबाहेर गेम घेणाऱ्यांनाही मॉड मिळावेत म्हणे. हेतू चांगला, पण गेम आला ऑक्टोबरात आणि मॉड उगवले पुढच्या मार्चमध्ये. तोवर चाहते नव्या घरात चुलीशिवाय.

आणि भांडार मोठं म्हणून सुरक्षित, असंही समजू नका. जून 2023 मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये 'फ्रॅक्चरायझर' नावाचा किडा निघाला, तो कर्सफोर्जसारख्या मॉडच्या नामांकित भांडारात. खाती फोडून मॉडच्या पोटात घातलेला, पासवर्ड पळवणारा. पोराने वाडा बांधायला मॉड घ्यावा आणि चोराने दारातूनच आत यावं!

मग ठेवायचं तरी कुठे? माझं सरळ मत आहे. गेमवाल्याने गेमच्या आतच एक खिडकी उघडावी, तपासून माल द्यावा, आणि बाहेरच्या दुकानांना मात्र कुलूप लावू नये. 'बाल्डर्स गेट 3' या गेमने सप्टेंबर 2024 मध्ये हेच केलं. आत मॉड निवडायची सोय दिली, पुढच्या महिन्यात प्लेस्टेशनवाल्यांनाही दिली, आणि ज्यांना नेक्ससवर जायचंय ते जातातच आहेत. कोणाचं काही बिघडलं? हक्काची भाषा मात्र करायची नाही. ज्याची रांगोळी त्याची.

आता भाच्याने स्वतः एक लिव्हरी केलीय. निमआराम, हिरवी-पांढरी, मागे 'हात दाखवा, गाडी थांबवा'. ठेवू कुठे म्हणून मलाच विचारतोय. मी म्हटलं, जिथे ठेवशील तिथे ठेव, पण बाबा, पासवर्ड व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांग.