विहिरीत शिकलेला माणूस

पुण्याचा टिळक तलाव घ्या, दादरचा महात्मा गांधी तलाव घ्या, नाहीतर आमच्या उपनगरातला पालिकेचा साधासुधा तलाव घ्या. सकाळच्या पहिल्या बॅचला एक विहिरीत शिकलेला माणूस असतोच असतो. बाकीचे लोक पोहायला येतात, हा दाखवून द्यायला येतो.

आमच्या बॅचला हा मान नानांचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मूळ गाव साताऱ्याकडचं आणि गावात मळ्याची विहीर. ओळख झाली तेव्हा ही विहीर चाळीस फूट खोल होती. गेल्या उन्हाळ्यात ती साठ झाली. मळ्यात इतर कुणाच्या बोअरला पाणी नसताना नानांच्या विहिरीत ते दर वर्षी वाढतं, हा चमत्कार पाटबंधारे खात्याच्या माणसालाच जमावा. तिथं नाना पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. ज्याच्या पाठीला भोपळा नव्हता, त्याचं पोहणं नानांच्या लेखी पोहणंच नव्हे. फ्लोट धरून पाय मारणाऱ्या पोरांकडे ते पॅकबंद पुरणपोळीकडे बघावं तसं बघतात.

तलावाच्या दारातच नियमांचा फलक आहे. नाना तो रोज वाचतात. पाळायला नव्हे, रोज नव्यानं अपमान करून घ्यायला.

पहिला नियम शॉवरचा. ‘‘पाण्यात जायच्या आधी पाण्याखाली उभं राहायचं? आमच्या विहिरीला कुठं होता शॉवर?’’ असं म्हणून ते शॉवरला वळसा घालतात. त्यात घरून खोबरेल चोपडून आलेले. ते उतरले की पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो, आणि नाना त्यातून समाधानानं पुढं सरकतात. दहा मिनिटांनी डोळे चोळत वर येऊन ऑपरेटरवर ओरडतात, ‘‘आज क्लोरीन जास्त मारलंस रे!’’

ऑपरेटर बिचारा काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेतो, औषधाचे थेंब टाकतो आणि आलेला फिकट रंग त्यांना दाखवतो. क्लोरीन जास्त नाही, उलट कमी पडलंय. लिटरमागे निदान एक मिलिग्रॅम मोकळं राहायला हवं, ते घामाच्या आणि, स्पष्टच बोलायचं तर, लघवीच्या मागे खर्ची पडलं. त्या संयोगातून क्लोरामाईन तयार होतात. डोळे तेच झोंबवतात आणि ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो तोही बराचसा त्यांचाच. म्हणजे तलावाला उग्र वास येत असेल तर पाणी फार स्वच्छ आहे असं समजायचं कारण नाही. नाना हे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘‘विहिरीचं पाणी कसं, नुसतं अमृत!’’ त्या अमृतात ग्रामपंचायत टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनच, टाकायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण ते ‘औषध’ होतं. केमिकल फक्त शहरात असतं.

टोपीवरून मात्र नानांनी सगळ्यांना निरुत्तर केलं होतं. नानांच्या डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस आहेत. तेव्हा ‘फिल्टरमध्ये केस अडकतात’ हे कारण त्यांना सांगायला जीवरक्षकही जरा लाजत होता. पण नानांचा मुद्दा वेगळाच होता. ‘‘बुडणाऱ्याला केसांना धरून ओढायचं, हा आमच्याकडचा नियम. तुम्ही टोप्या घालून ठेवल्यावर धरायचं कशाला?’’

जीवरक्षक म्हणजे पंचविशीतला पोरगा. त्यानं शांतपणे भिंतीला टेकवलेला लांब बांबू आणि वर टांगलेली रिंग दाखवली. आधी काठावरून काहीतरी पुढं करायचं, नाहीतर फेकायचं. उडी सगळ्यात शेवटी. कारण बुडणारा मिठी मारतो आणि मग दोघं जातात. नानांना यात पराक्रमाला जागाच दिसेना. त्यांच्या मते बुडणारा आधी ‘वाचवा, वाचवा’ म्हणतो, मग आपण धावतो. पोरगा म्हणाला, तो ओरडत नाही नाना. तोंड पाण्याच्या वर आलं तर तेवढ्यात श्वास घेणार की हाक मारणार? हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी दाबत राहतो, मान मागं, अंग उभं. लांबून वाटतं, उभ्याउभ्या खेळतोय. पुरता मिनिटभर मिळाला तरी खूप. नाना गप्प झाले. पण पुढच्या आठवड्यात प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक होतं. रबरी पुतळ्याच्या तोंडात श्वास भरून छाती दाबायला लागताच नानांनी विचारलं, ‘‘आणि कुंभाराचं चाक कुठाय? पोटातलं पाणी काढायला नको?’’ पाणी काढत बसण्यात जीव जातो, श्वास आधी, हे तिथं त्यांना तिसऱ्यांदा सांगण्यात आलं.

नानांची खरी कला मुटका. गुडघे छातीशी, हात गुडघ्यांभोवती आणि तोफेच्या आवाजासह पाणी थेट गॅलरीपर्यंत. खोल बाजूला हे कुणी एक वेळ चालवून घेईल. पण नानांना प्रेक्षक लागतात, आणि शिकणाऱ्यांचे पालक उभे असतात उथळ बाजूला. तिथं पाणी छातीपर्यंतसुद्धा नाही. मुटक्यानं तिथं फार तर माकडहाडाचा बळी जाईल. पण त्यांचं बघून एखादं पोरगं डोक्याकडून सूर मारतं आणि मान मोडून घेतं. म्हणून उथळ बाजूला नाना नुसते काठाशी आले तरी शिट्टी वाजते.

दुसरी शिट्टी तळाला बसण्यावरून. नाना आधी भराभरा दहा-पंधरा खोल श्वास घेतात, मग बुडी. हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि इथं मी जीवरक्षकाच्या बाजूनं आहे. भराभर श्वास टाकून अंगातला कार्बन डायऑक्साईड कमी झाला की दम लागल्याची जाणीवच होत नाही; ऑक्सिजन मात्र संपत जातो, आणि माणूस पाण्याखालीच, काही न कळता, बेशुद्ध पडतो. पोहता न येणारा उथळ पाण्यात दांडी धरून असतो. हे असं मरण पट्टीच्या पोहणाऱ्यालाच गाठतं.

‘‘आम्हाला कधी कुणी शिट्टी मारली नाही,’’ नाना एकदा भडकून म्हणाले.

मी विचारलं, ‘‘नाना, तुमच्या त्या विहिरीवर काठावर असायचं कोण?’’

‘‘कोण म्हणजे? तात्या! आमचे धाकटे चुलते.’’ आणि नाना खुलले. तात्या आल्याशिवाय पायरीवर पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. नवशिक्याच्या कमरेला कासरा, दुसरं टोक तात्यांच्या मुठीत. चैत्रात पाणी खाली गेलं की तात्या आधी स्वतः उतरून कातळ कुठं वर आलाय ते चाचपणार, मग सांगणार कुठल्या अंगानं उडी घ्यायची. एकदा एक चुलतभाऊ न सांगता उतरला, तर त्याला निरगुडीच्या फोकानं थेट घरापर्यंत वाजवत नेला. सांगताना नानांची छाती अभिमानानं फुलली होती.

खुर्चीवरचा पोरगा ऐकत होता. त्यानं विचारलं, ‘‘मग शिट्टी कसली वाजवायचे तात्या?’’

‘‘शिट्टी कशाला? नुसते खाकरले तरी आम्ही सगळे वर!’’

त्या दिवसापासून बॅच संपली, सगळे बाहेर आले आणि नाना तेवढे खोल बाजूला उरले, की तो पोरगा शिट्टी खिशात टाकतो, काठाशी येऊन उभा राहतो आणि घसा खाकरतो. नाना मुकाट्यानं वर येतात. शॉवर मात्र अजून घेत नाहीत.