मूळचं आहे हो!

"बॅग उचला!"

गुहागरच्या आमच्या भाऊकाकांकडे पाहुण्याचं स्वागत या दोन शब्दांनी होतं. 'या', 'बसा', 'प्रवास कसा झाला' हे सगळं नंतर. पाहुणा बेड्यातून आत शिरतो, मागे चाकांची बॅग खडखडत असते, आणि काका ओटीवरून चौकातल्या हवालदारासारखा एक हात उभारून धावत सुटतात. कारण जमीन परवाच सारवलेली असते, आणि पहिल्याच मोसमात पुण्याच्या एका जोडप्याने ओटीपासून माजघरापर्यंत दोन समांतर चर पाडले होते. ते चर काकूंनी त्याच संध्याकाळी बुजवले. काका मात्र प्रत्येक नव्या पाहुण्याला ते कुठे होते ती जागा दाखवतात.

कोकणात अलीकडे अशा माणसांची एक जमातच तयार झाली आहे. दिवेआगर, आंजर्ले, भोगवे, कुठेही जा, गावात एक तरी सापडतोच. मुंबईत उभा जन्म काढलेला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये कॅलेंडरसाठी खिळाही दुसऱ्याकडून ठोकून घेतलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर घरपट्टी भरायला म्हणून गावी जातो आणि झपाटून परत येतो. लक्षणं भूतबाधेचीच. रात्री दचकून उठतो. झोपेत 'वासा', 'आढं' असं काहीतरी पुटपुटतो. चारचौघांत बसला असताना मध्येच भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकतो. भाऊकाकांनी डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर राहून चौतीस वर्षं बँकेत काढली. तेवढ्या काळात त्यांनी कुठल्याही वस्तूला प्रेमाने हात लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आज ते पाहुण्याचं मनगट धरून त्याचा तळवा खांबावर टेकवतात. "हात लावून बघा. थंड लागतो की नाही? मूळचा आहे हो!"

'मूळचं आहे हो' हा त्यांचा मंत्र. कडी-कोयंडा मूळचा, झोपाळ्याच्या पितळी कड्या मूळच्या, फडताळाचं न लागणारं दार मूळचं. एकदा माझ्या उशीवर छपरातून थेंब पडायला लागला. तक्रार केली, तर काका टॉर्च घेऊन आले, वर बघत राहिले आणि हळुवारपणे म्हणाले, "हे इथेच गळायचं. माझ्या लहानपणी पण इथेच."

घर हातात येणं हाच एक उद्योग होता. वाडीच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं, त्यातली सहा कैलासवासी. उरलेल्यांच्या संमतीसाठी काका दोन वर्षं हिंडले. ठाणे झालं, नाशिक झालं, इंदूर झालं. न्यू जर्सीतल्या एका चुलतभावाने तीस वर्षांत गावाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "माझी खोली कुठली?" त्या वेळी घराचं अर्धं छप्पर खाली आलेलं होतं. काकांनी खोली सांगितली. अजून ते तिला 'अमेरिकेची खोली' म्हणतात आणि पाहुण्यांना देताना थोडे कचरतात.

मग आला चुना. सिमेंट हा शब्द काका शिवीसारखा उच्चारतात. आम्ही लहानपणी 'साला' म्हटल्यावर आजी जसं तोंड करायची, तसं तोंड ते 'सिमेंट' म्हणताना करतात. "भिंत श्वास घेते रे. जांभ्याला सिमेंट फासलंस की त्याचं नाक दाबलंस." यात चूक काही नाही. जांभा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पावसाळ्यात भिंत ओल पिते आणि नंतर हळूहळू बाहेर टाकते. वर सिमेंटचा थर बसवला की ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. मला हे इतकं नीट माहीत आहे, कारण मी ते अकरा वेळा ऐकलं आहे. परसात खड्डा खणून कळीचा चुना विरवला गेला. महिनाभर तो मुरत होता आणि महिनाभर काका त्याची विचारपूस करत होते. पुढे त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, मेथी असं जुन्या लोकांच्या पद्धतीने घातलं. त्या भिंतीला मुंग्या लागल्या. काकू म्हणाल्या, "माझ्या लाडवात कधी एवढा गूळ पडला नाही."

गवंडी बिचारा रोज सकाळी एकच विनंती करायचा, "काका, शिमिट मारूया, दोन दिसात मोकळे." दोन दिवसांच्या त्या कामाला दीड वर्ष लागलं. या दीड वर्षाच्या मजुरीतून त्याने वरच्या अंगाला स्वतःचं घर बांधलं. स्लॅबचं, फरशी घातलेलं, बाहेरून पोपटी. वास्तुशांतीला काका गेले, जेवले, आहेर दिला आणि येताना वाटेत एक अक्षर बोलले नाहीत.

कौलांचं प्रकरण वेगळंच. वानरांच्या धुडगुसामुळे आसपासच्या कित्येकांनी कौलं काढून पत्रे घातले. रोज सकाळी वीस-पंचवीस वानरांची टोळी या आढ्यावरून त्या आढ्यावर जायची, तर दुसरं होणार काय! पण काका हटले नाहीत. दर मे महिन्याच्या शेवटी स्वतः उभे राहून शाकारून घेतात आणि फुटक्या कौलांची नोंद वहीत ठेवतात. एक धड कौल खाली ओटीवर ठेवलेलं असतं, शिकवण्यासाठी. पाहुणा आला की ते उलटं करून मागची अक्षरं वाचायला लावतात. "हे मंगलोरी. १८६५ साली बासल मिशनवाल्यांनी मंगळूरला पहिला कारखाना काढला. त्याआधी आपल्याकडे नळीची कौलं. ही मग गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आली." पाहुण्याला त्या घटकेला एवढंच हवं असतं, की पंख्याचं बटण कुठे आहे ते कुणीतरी सांगावं.

संडास-न्हाणीचा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी घेतला, आणि तोही डोळे मिटून घेतल्यासारखा. मूळचा संडास वाडीच्या टोकाला, रात्री कंदील घेऊन जायचं. शहरी पाहुणा तिथे जाणार नाही, हे काकूंनी तीनदा सांगितलं. शेवटी माजघराला लागून असलेली बाळंतिणीची खोली बळी पडली. छोटी, अंधारी, एक झरोका. टाइल्स, गीझर, सगळं आलं. त्या मे महिन्यात आमची चौऱ्याऐंशी वर्षांची थोरली आत्या आली. काकांनी तिला हौसेने घर फिरवलं. देवघर पाहून तिचे डोळे भरले. झोपाळ्यावर तिने एक झोका घेतला. मग काकांनी ते दार उघडलं. आत्या उंबरठ्यावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "मी इथे जन्मले."

"हो ना."

"तूही इथेच जन्मलास."

"हो."

"आणि तू इथे कमोड बसवलास?"

काकांनी उत्तर दिलं नाही. आत्या मात्र चार दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, की गुडघ्यांना फार बरं पडलं.

आता शांततेबद्दल. हे घर 'शांत' निवासस्थान आहे, तशी पाटीच आहे. काकांच्या सुवाच्य अक्षरात: 'येथे टीव्ही नाही. त्याबद्दल दिलगिरी नाही.' वायफाय नाही, स्पीकर लावायचा नाही, दुपारी दोन ते चार बोलायचं ते हळू. गुहागरची घरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना. समुद्राकडच्या अंगाचं घर असलं की मागच्या दाराने निघायचं, नारळी-पोफळीच्या वाडीतून पाटाकडेने चालायचं, की थेट पुळण. वाडीत शांतता अशी, की झावळी पडली तरी ऐकू येते. अडचण एवढीच, की त्या शांततेत भाऊकाका आहेत. पाहुणा झोपाळ्यावर पुस्तक उघडून बसतो. काका पायरीवर टेकतात. "ऐका," म्हणतात. पाहुणा ऐकतो. "काय ऐकू येतं?" पाहुणा काही सांगणार, तेवढ्यात काका, "काही नाही! हेच तर! डोंबिवलीला सकाळी पाच वाजता..." आणि इथून डोंबिवली सुरू होते. तासाभराने काकू आतून "अहो, नारळ सोलून द्या जरा" म्हणतात. घरात त्या वेळी सोललेले सहा नारळ असतात.

विहिरीवरचा रहाट करकरतो. पाणी केव्हाच पंपाने चढतं, पण काका पाहुण्यांसाठी सकाळी रहाट फिरवून दाखवतात. एका पाहुण्याने तेल द्यायचं सुचवलं. तो आवाजही मूळचाच आहे, हे त्याला समजावून सांगण्यात आलं. दुसरा एक जण सकाळी चहा पिताना सहज म्हणाला, "रात्रभर घूं घूं येत होतं. हायवे जवळ आहे का?" समुद्राची गाज होती ती. काका त्यानंतर दोन तास गप्प होते. त्या घराची पाटी खरी ठरली ती त्या दोन तासांपुरती.

पैशांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. पाहुणे निघाले की काका पोफळीच्या शेंड्याकडे बघायला लागतात, किंवा त्यांना अचानक पंप आठवतो. चौतीस वर्षं लोकांच्या नोटा मोजलेल्या माणसाला 'तीन रात्रींचे एवढे झाले' म्हणवत नाही. हिशेब काकू करतात, त्याही कुळीथ निवडता निवडता, मान वर न करता. मोजमापाला आलेली वास्तुकलेची मुलं काकांनी पाच दिवस फुकट ठेवून घेतली, कारण त्यांनी प्रत्येक वाशाची जाडी विचारली. मे महिन्यात, म्हणजे ज्या महिन्यात चार पैसे सुटायचे, त्या महिन्यात सगळ्या खोल्या भरलेल्या असतात. सातबाऱ्याने. ठाणे येतं, नाशिक येतं, इंदूर येतं. व्याडेश्वराचा अभिषेक, आंबे, फणसाचे गरे, पत्ते, रात्री दोनपर्यंत गाण्याच्या भेंड्या. मागच्या वर्षी न्यू जर्सीही आली, आपल्या खोलीत राहिली आणि चाकांची बॅग उचलून न्यायला विसरली. माजघरात नवे चर. "काय हा गोंगाट! हे शांत घर आहे," असं काका सगळ्यांना ओरडून सांगत होते. चर बुजवायला काकू शेण घेऊन आल्या, तेव्हा म्हणाले, "राहू दे गं दोन दिवस."

परवा जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री त्यांचा फोन आला. फोनची रेंज फक्त गडग्यावर उभं राहिलं की मिळते, त्यामुळे काका छत्री घेऊन गडग्यावर चढलेले असणार. म्हणाले, "गेले रे सगळे. आता ये तू. आता खरी शांतता आहे. कौलांवरचा पाऊस ऐकवतो तुला, थांब." फोन त्यांनी छपराच्या दिशेने धरला असावा. मी कान लावून बसलो. "येतोय ना आवाज? हा पहिला बारीक, तो नळीच्या कौलांवरचा, न्हाणीघरावर थोडी शिल्लक ठेवलीयत मी, आणि हा जाड आहे ना, तो मंगलोरी. पत्र्यावर असा नाही वाजत, पत्र्यावर म्हणजे नुसता ताशा. हं, आता ऐक, आता पन्हळीतून पडायला लागेल..."

लांबून, बहुतेक मागच्या पडवीतून, काकूंचा आवाज आला. "अहो, ऐकू द्या की त्याला!"