प्रेशर, चहा आणि सिगारेट

सिगारेट सोडलेल्या माणसाची पहिली तक्रार फुप्फुसाची नसते, पोटाची असते. 'सकाळी प्रेशरच येत नाही' हे तो अशा चेहऱ्याने सांगतो, की ऐकणाऱ्याने दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. मागोमाग चिडचिड, खोकला, उडालेली झोप आणि अवेळी फ्रीजकडे वळणारी पावलं. एवढ्या पुराव्यावर तो निकाल देऊन मोकळा होतो : 'मला सोडणं मानवत नाही!' या खटल्यात आरोपीच भलता धरलाय. इतकी वर्षं ओढून शरीरात जी उलथापालथ झाली ती निस्तरताना होणारी आदळआपट म्हणजे हा त्रास, आणि तिचं खापर फुटतं बिचाऱ्या सोडण्यावर.

पोटाचंच बघा. निकोटीन आतड्यांना चाळवतं. रोज सकाळी कुणीतरी ढकलायचं, अशी सवय लागलेली आतडी ढकलणारा गेला की रुसतात. भरपूर पाणी, पपई आणि चालणं यांनी हळूहळू वळणावर येतात. खोकल्याची तऱ्हा निराळी. श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांचं काम कफ वर ढकलण्याचं. धुराने ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की पुन्हा हलू लागतात आणि साचलेला माल बाहेर निघतो. पण सगळ्यात मजेशीर पुरावा चहाचा. धुरातल्या काही रसायनांमुळे (निकोटीनमुळे नव्हे) यकृतातलं एक विकर चेवाने काम करतं आणि कॅफीनचा भराभर निचरा करतं. धूर बंद झाला की काही दिवसांत विकराचा चेव ओसरतो, चहाचे कप मात्र तेवढेच राहतात. रक्तातलं कॅफीन दुपटीच्या घरात जातं. मग हातांना कंप, छातीत धडधड आणि रात्री दोनला टक्क उघडे डोळे. नाव सिगारेटच्या विरहाचं, करणी चहाची! त्यात भेटेल तो 'चल, चहा घेऊ, बरं वाटेल' म्हणतो. आपल्याकडे सहानुभूती कोरडी देत नाहीत.

'ते ठीक, पण सिगारेटने डोकं शांत होतं त्याचं काय?' होतं, नाकारायचं कशाला? निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. मात्र रक्तातलं निम्मं निकोटीन दोनेक तासांत उतरतं, की बेचैनी सुरू. पुढची सिगारेट शमवते ती हीच, मागच्या सिगारेटने आणलेली बेचैनी. आधी दुकानाची काच फोडायची आणि मग 'आम्ही लक्ष ठेवू' म्हणत हप्ता घ्यायचा, हा गल्लीतल्या दादाचा धंदा आहे. ज्यांनी कधी ओढलीच नाही त्यांनाही साहेब, सासर आणि गृहकर्ज असतंच की! वजनाचा आक्षेप मात्र खरा आहे. निकोटीन भूक मारतं, ते गेलं की जेवणाला चव येते आणि पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो चढतात. पँट नवी घ्यावी लागेल. सिगारेटच्या वाचलेल्या पैशांत ती सहज येते.

राहता राहिली मुदत. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफेचा एकेक झटका काही मिनिटांचा असतो, तेवढ्यात मन रमवायला म्हणून गॅलरीतली झाडं पाण्यात बुडवून मारू नका म्हणजे झालं. चहा निम्म्यावर आणा. फारच असह्य झालं तर डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगगम घ्या, नाहीतर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. नंबर पाठ करायची गरज नाही, २०१८ पासून तो पाकिटावरच छापलेला असतो. फक्त पाकीट फेकण्याआधी लिहून घ्या.