सातव्या आकड्यावर गेलेली सीट

गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाज असा, की मी आधी "कोण गेलं?" हेच विचारलं. ती म्हणाली, "सीट गेली रे. सातव्या आकड्यावर."

निगडीहून मोशी गाठली. घरात चपलांची रांग. शेजारच्या काकू केळी घेऊन आल्या होत्या. पेढे शोभले नसते आणि रिकाम्या हाताने यायचं तरी कसं. भाचा आतल्या खोलीत कडी लावून. काकूंनी खालच्या आवाजात मला बातमी दिली, "मेकॅनिकल लागलंय," आणि केळ्यांची फणी माझ्याकडे जरा सरकवली.

भोसरीपासून चाकणपर्यंतचा अख्खा पट्टा मेकॅनिकलवर जेवतो. ज्या फ्लॅटमध्ये हा शोक चालला होता त्याचा हप्ता मेकॅनिकलने भरला, काकूंच्या मुलीचं लग्नही मेकॅनिकलनेच लावलं. तरी इथे मेकॅनिकल लागणं म्हणजे न लागणं. असो. मला आकड्यात रस होता.

भाच्याला सीईटीत पर्सेंटाइल 96.4072618. हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कटऑफ 96.4072619. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वजाबाकी केली. उत्तर आलं 0.0000001. शून्यं दोनदा मोजली.

दाजी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. गुरुवारची सुट्टी म्हणून घरीच होते. त्यांनी चष्मा लावला, आकडा पाहिला आणि विचारलं, "हे मोजलं कशाने?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. दाजींचं आयुष्य मोजण्यात गेलंय. व्हर्नियर दोन शतांश मिलिमीटरपर्यंत दाखवतो, मायक्रोमीटर एक शतांशापर्यंत. एअर गेज लावला की मायक्रॉन कळतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. "त्याच्या पुढे जायचं तर खोली वीस डिग्रीला ठेवावी लागते. शंभर मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा एका डिग्रीला मायक्रॉनभर फुगतो. नुसता हातात धरला तरी माप बदलतं," दाजी म्हणाले. "आणि ह्याचा पेपर एप्रिलात, पंखा बंद. हा किती फुगला होता, ते कोणी बघितलं?"

काकूंना यातलं फुगणं तेवढं कळलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, तेव्हा फारच वाळला होता."

मग मीही पेन उघडलं. पेपर 200 मार्कांचा, प्रश्न 150. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि आपल्या शिफ्टमधले शंभरातले किती जण आपल्याइतके किंवा आपल्याखाली, हा झाला पर्सेंटाइल. समजा शिफ्टला वीस हजार पोरं बसली. म्हणजे एक पोर बरोबर 0.005. तिसऱ्या दशांशावरच अख्खं पोर संपलं! पुढचे चार आकडे कशाचे? चौथ्यावर फार तर त्याचा एक हात असेल, पाचव्यावर बोट, सहाव्यावर नख आणि सातव्यावर नखातला मळ. शिफ्टा लहानमोठ्या असल्याने भागाकार वेगवेगळे येतात आणि त्यांची शेपटं अशी एकमेकांत अडकतात. सातव्या आकड्याला एक अख्खं पोर मिळायचं तर एका शिफ्टला शंभर कोटी परीक्षार्थी हवेत. म्हणजे तान्ही बाळं आणि गुडघे धरलेल्या आज्या वगळल्या तर बाकी सगळा देश एकाच सकाळी, हॉल तिकीट घेऊन, पेन पारदर्शक. माझा भाचा भागाकाराच्या शेपटाला अडकून पडला आणि घरात मात्र "दोन प्रश्न अजून सोडवले असतेस तर" चाललंय. बरोबरी टाळायला एवढे आकडे लागतात म्हणे. मग चिठ्ठ्या टाका! चिठ्ठी निदान स्वतःला गुणवत्ता म्हणवत नाही. इकडे चौकातल्या फ्लेक्सवर क्लासवाल्यांनी पोरांच्या फोटोखाली सातही आकडे छापलेत, आणि सातवा पहिल्याइतकाच मोठा.

दाजींच्या खात्यात रिजेक्शनलाही रीत आहे. पीस नापास झाला की लाल टॅग लागतो. त्यावर माप काय हवं होतं, काय निघालं, दोष कोणता, हे लिहावंच लागतं. मग ठरतं: रिवर्क, डेव्हिएशनमध्ये पास, की स्क्रॅप. आणि स्क्रॅप झाला तरी लोखंड वितळून परत येतं. त्यातलं किती तरी कुदळवाडीच्या भंगार गोदामांतून जायचं. ती गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत पाडली, तरी भंगाराला अजून भाव आहे. भाच्याला ना टॅग, ना दोष, ना रिवर्क. काकूंनी केळी आणून त्याला थेट भट्टीत टाकलं.

एवढं बारीक मोजून आत घेतलेल्या पोराचं पुढे काय होतं, हे मोजायला मात्र कोणाकडे साधी फूटपट्टी नाही. पहाटे चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून बघा. कंपनीच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात, गळ्यात ठेकेदाराचं कार्ड. आयटीआय, डिप्लोमा, मधेच एखादा बीई झालेलाही. काम सात महिने, मग ब्रेक. सातच का? कारण वर्षात 240 दिवस भरले तर पोरगं कायम करा म्हणून हक्क सांगू शकतं. म्हणून साधारण 210 ला गेट पास बंद. इथे बघा कसा हिशेब चोख! इथे दशांश लागत नाही, इथे कॅलेंडरचा एक दिवस चुकत नाही. महिनाभर बसवून ठेवायचं, की पुन्हा पहिल्यापासून सात महिने, शेजारच्या गेटवर. असं करत तिशी येते, केस जातात, मुलीकडचे "कायम आहे का?" विचारून चहा न घेता उठतात. त्याच्या घरी कोणी केळी नेत नाही. त्याच्या मामाला गुरुवारी सकाळी फोन येत नाही. लाज वाटायला हवी ती या सातची, आणि तोंड लपवून बसलाय कोण, तर आतल्या खोलीतला अठरा वर्षांचा.

माझा आवाज चढला असावा, कारण ताईने मला पाणी दिलं.

तेवढ्यात साताऱ्याहून दाजींच्या थोरल्या भावाचा फोन. "किती पडले रे शेवटी?"

दाजींनी कागद उचलला, पाहिला, खाली ठेवला. "शहाण्णव पॉइंट चार. प्लस-मायनस पाव."

"प्लस-मायनस म्हणजे?"

"टॉलरन्स. ड्रॉइंगवर असतोच, दादा."

पलीकडे क्षणभर शांतता. मग दादांनी त्यांच्या नातवाचा पर्सेंटाइल सांगायला घेतला, सावकाश, एकेक आकडा सुटा करून. दाजींनी फोन स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवला आणि एक केळं सोललं. दादा तेव्हा पाचव्या आकड्यावर होते.